जिन्यावर बसलेल्या बायका

फॉल रिव्हर
सोमवार सकाळ

प्रिय ओडी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी खुर्चीत बस आणि घोटभर पाणी पी. इथे कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही, आणि अबिलियोचे गुडघे दुखतायत ते आमच्या लग्नापासूनच दुखतायत. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी घरचा विषय काढला रे काढला की तिकडे एखादी गाय व्यायला लागते. दोन वर्षांत तुमच्या त्या कॅलिफोर्नियातल्या एका गोठ्यात जितक्या गाई व्यायल्या, तितक्या आपण मूळच्या जिथल्या, त्या अख्ख्या साओ मिगेल बेटावर व्यायल्या नसतील. म्हणून आता कागद घेऊन बसलेय. अबिलियोला सांगितलंय, आज स्वयंपाक तुझा. तू रागावलीस तरी शेवटपर्यंत वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

आधी आनंदाची बातमी, कारण मोठी तीच आहे. यंदा ईस्टरनंतरच्या चौथ्या आठवड्यात पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्या घरी होता. आठवडाभर घरी ठेवायला तो मिळावा म्हणून इतकी वर्षं मी चिठ्ठीत नाव टाकतेय आणि दर वर्षी भलत्याचंच निघतंय. गेल्या वर्षी एर्मिनियोकाकांनी पवित्र आत्म्याच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून सभागृहात चिठ्ठी उघडून 'इल्डा' असं वाचलं, तेव्हा अबिलियो शेजारच्याला विचारतो, कोण इल्डा? मग जी काही धांदल उडाली म्हणतेस. पुढची खोली पार रिकामी केली, सोफा मागच्या गॅलरीत उभा करून ठेवला, भिंतीला पांढरं सॅटिन लावलं. सॅटिन आमच्या पडद्यांच्या कारखान्यातलं, उरलेले तागे मुकादमानं स्वतः घरी आणून टाकले. कागदाची फुलं, टप्प्याटप्प्यांची वेदी, आणि सगळ्यात वर तो चांदीचा मुकुट, त्याच्यावर इवलंसं कबूतर. रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना, मग कॉफी आणि गोड पाव, आणि रविवारी येईल त्याला पुदिना घातलेलं मांसाचं सूप. दिव्यांची माळ अबिलियोनं लावली. डावीकडचे दिवे लागले की उजवीकडचे विझायचे. बेलमिरामावशी खालच्या मजल्यावरून काठी टेकत वर आली, बघितलं, म्हणाली, असू दे, देवाला अंदाज येईल.

दिव्यांचं मी का सांगतेय ते तुझ्या लक्षात आलं असेल. इतकी वर्षं ज्या ज्या घरी मुकुट यायचा, तिथले दिवे नॉर्बेर्तो लावायचा. फुकट लावायचा, वर म्हाताऱ्यांच्या पिशव्या जिन्यानं वर नेऊन द्यायचा. काय गुणी जावई आहे तुमचा, असं सभागृहातल्या बायका आईला सांगायच्या, आणि आई बिचारी फुगून घरी यायची. त्याच्या हाताला काय कसब आहे, म्हणायचे लोक. तो हात तुला आणि मला निराळ्या कारणानं माहीत होता. आज इतक्या दिवसांनी त्याचं नाव लिहिलं, आणि खोडलं नाही. तूही वाचताना थांबू नकोस.

कोर्टातला तो दिवस मला अजून अधूनमधून आठवतो, आणि खरं सांगू, आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. आपण दोघी नॉर्बेर्तोवरचा मनाई हुकूम वाढवून घ्यायला गेलो होतो. त्यानं तुझ्या जवळपास फिरकू नये, एवढंच तर मागायचं होतं. आणि दारातल्या तपासणीच्या पट्ट्यावर तू आपल्या हातानं तुझी पर्स ठेवलीस, त्यात जपमाळ, रुमाल, आणि ते शॉक देणारं यंत्र. वर्षभर ते तू झोपतानासुद्धा उशाशी घेत होतीस, त्यामुळे ते पर्समध्ये आहे हे तुझ्या डोक्यातच नव्हतं. माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो तसं. पहारेकऱ्यानं ते चिमटीत धरून वर काढलं. वरच्या न्यू हॅम्पशरमध्ये ते दुकानात राजरोस मिळत होतं, तू तिथूनच आणलेलं, पण इथे मॅसॅच्युसेट्समध्ये ते नुसतं जवळ असणं हाच गुन्हा. बंदुकीला परवाना मिळायचा, आणि ज्यानं माणूस मरत नाही, फक्त चार पावलं मागे हटतो, ते बाळगायला मात्र सगळ्यांनाच बंदी. गेलो होतो संरक्षण मागायला आणि परत आलो तुझ्यावर केस घेऊन. नॉर्बेर्तो समोरच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसत होता. त्याच्या बायकोनं कोर्टात हत्यार आणलं, असं त्याला गावभर सांगायला मिळालं. आणि एर्मिनियोकाकांनी पुढच्या रविवारी सभागृहात, सगळ्यांदेखत, असल्या बाईला आपल्या मंडळाच्या मिरवणुकीत जागा नाही, असं म्हटलं. तू मागच्या रांगेत होतीस. उठून गेलीस ती थेट कॅलिफोर्नियालाच.

पुढचं तुला वकिलानं सांगितलंय, पण तू ते नीट ऐकलं नसशील अशी मला शंका आहे. राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं ती बंदीच मोडीत काढली. तुझी केस त्याबरोबर गेली. मग विधानसभेनं नवा कायदा केला की असं यंत्र बाळगता येईल, पण बंदुकीसारखाच परवाना काढून, वर्ग करून, पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी नुसतं सहज म्हटलं की मी हा वर्ग करणार आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत शिलाईच्या रांगेतल्या सहा बायकांनी सँडविच खाली ठेवले. त्यातल्या दोघींच्या घरीही हात उगारला जातो, हे मला ठाऊक नव्हतं, ओडी. शेजारच्या मशीनवर इतकी वर्षं बसतोय, आणि ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नावं घालून आले.

वर्गाची गंमत तुला समोर बसून सांगायला हवी. वर्ग बंदुकीचाच, कारण परवाना तोच, त्यामुळे आम्हाला पडदे शिवणाऱ्या बायकांना दोन शनिवार पिस्तुलाचे भाग पाठ करावे लागले. आणि बेलमिरामावशी हट्टानं आली. वय एकोणऐंशी, एका कानानं कमी ऐकू येतं, पण पहिल्या बाकावर. शिकवणारा लाल मिश्यांचा निवृत्त सैनिक, त्यानं तिला विचारलं, आजी, घरात कोणी घुसलं तर तुम्ही काय कराल? मावशी म्हणाली, आधी बघीन कोण आहे, मग कॉफी विचारीन, मग ठरवीन. बिचाऱ्यानं हात टेकले. परवान्यावरच्या फोटोसाठी तिनं केस सेट करून घेतले आणि लग्नातली कर्णफुलं घातली. आता तो परवाना ती चर्चच्या पुस्तकात ठेवते आणि प्रवचन लांबलं की काढून आपलाच फोटो बघत बसते. यंत्राला आम्ही भुंगा म्हणतो, कारण बटण दाबलं की तसंच भणभणतं. तुझ्या केसच्या वेळी पेपरात त्याला 'विजेचं शस्त्र' म्हटलं होतं. भुंगाच बरा.

पोलिस ठाण्यात परवान्याचं काम सार्जंट पचेको बघते. आपल्याच बेटाच्या घरातली मुलगी, तिची आजी आईबरोबर गिरणीत होती. मुलाखतीत तिनं विचारलं, परवाना कशासाठी हवाय? मी खरं तेच सांगितलं, घरी मुकुट येणार आहे म्हणून. तिनं पेन खाली ठेवलं. मुकुट चोरीला जाईल असं वाटतंय का मावशी, म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं, की मुकुट घरात असतो त्या आठवड्यात दार कोणालाच बंद करायचं नसतं. येईल तो आत येतो, बसतो, खातो. आणि नॉर्बेर्तो येणार. तुझा मनाई हुकूम तुझ्यापुरता, तू जिथे राहतेस तिथल्यापुरता; माझ्या घराला तो लागू नाही. एरवी मी त्याच्या तोंडावर दार लावलं असतं आणि आतून कडी घातली असती. पण त्या आठवड्यात लावायचं कसं? पचेकोनं पेन परत उचललं. तिनं एकच गोष्ट बजावली. ते खिशात राहू दे. बाहेर काढून धमकावलंत तर केस त्याच्यावर नाही, तुमच्यावर होईल. वेळ आलीच तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, बाई गं, मला ते वापरायचंच नाहीये, मला फक्त माझ्या घरात उभं राहायचंय.

आणि झालंही तसंच. मुकुट आला त्या रविवारीच तो सभागृहाबाहेर चारचौघांत म्हणाला म्हणे, गुरुवारी मी इल्डाताईंकडे प्रार्थनेला जाणार, पवित्र आत्म्याच्या दारातून मला कोण हाकलतं ते बघू. त्याला कुठून तरी वाटलं होतं की मुकुटासाठी तू आली असशील. नसलीस आली, तर निदान कुठे आहेस ते तरी घरातून कळेल. फ्रिजवर तुझा फोटो होता ना, गोठ्याच्या पाटीखाली उभी राहून काढलेला, तो मी त्याच दिवशी काढून पिठाच्या डब्यात घातला. तरी झोप लागेना. तो एकदा येऊन माझ्या खोलीत, आईच्या खुर्चीत बसला, कॉफी प्यायला, हसून बोलला, की सगळं गाव म्हणणार, बघा, झालं गेलं मिटलं. मग तू इथे परत कशी येणार होतीस? मला दुसरी कसलीच भीती नव्हती, ओडी. हीच एक होती.

मी एर्मिनियोकाकांकडे गेले. म्हटलं, काका, या एका माणसाला तुम्ही सांगा, येऊ नकोस म्हणून. काकांनी चष्मा पुसला, परत पुसला. म्हणाले, इल्डा, मुकुट घरात असताना दार कोणाला बंद करायचं नाही, हे माझ्या बापजाद्यांपासून चालत आलंय. तुला झेपत नसेल तर तसं सांग, मुकुट मी दुसरीकडे हलवतो. मी मान खाली घालून परत आले. येऊन बेलमिरामावशीसमोर रागानं भांडी आपटली. आयुष्यात एकदा मुकुट आला आणि तोही या माणसापायी जाणार. मावशी कोबी चिरत होती. चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे करून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दार उघडंच ठेव की. जिन्याबद्दल कोणी काही बोललंय का?

तर गुरुवार. उजेड होता अजून, खाली रस्त्यावर माणसं खुर्च्या टाकून बसली होती. तुला आपला जिना माहीत आहे, अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागतं. रस्त्यावरचं दार सताड उघडं, वर माझं दार सताड उघडं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर एक बाई. खोलीत जागा नव्हती, हे खरंच होतं. पुरुष आत उभे होते, म्हणून बायका जिन्यावर बसल्या. सगळ्यात खाली बेलमिरामावशी, मांडीवर उशी घेऊन. तिच्यावर कारखान्यातल्या सगळ्या, मग त्यांच्या लेकी, जावा, शेजारणी. एका हातात जपमाळ, दुसरा हात ॲप्रनच्या खिशात. परवाना आमच्या सात-आठ जणींकडेच होता. बाकीच्यांच्या खिशात काय होतं ते मी नंतर विचारलं. एकीच्या खिशात सूप वाढायचा डाव होता. मधल्या पायरीवरच्या फ्लोरिंडाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या, आणि ती सगळ्यात ताठ बसली होती. पण गावाला तर एवढंच ठाऊक होतं की पडदेवाल्या बायकांनी वर्ग केलाय.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, हातात अवजारांची पेटी. वेदीचे दिवे नीट लागत नाहीत असं ऐकलं, म्हणाला, म्हटलं आपणच बघून द्यावं. मावशी म्हणाली, ये हो बाळा, दार उघडं आहे, वर जा. आणि गुडघे इतकेसे बाजूला घेतले. तो एक पायरी चढला. दुसरीवरची म्हणाली, ये नॉर्बेर्तो. तोही म्हणाला, नमस्कार. तिसरीवरची म्हणाली, सावकाश हं. मी वरून बघत होते. कोणी त्याला अडवलं नाही. कोणी वाईट शब्द काढला नाही. फक्त प्रत्येक बाईनं मान वर करून सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तो पुढच्या पायरीवर जाईपर्यंत बघत राहिली. बायकांनी असं बघायची त्याला सवय नव्हती. फ्लोरिंडापर्यंत आला आणि थांबला. तिच्या खिशाकडे बघितलं. मग वरच्या सगळ्या खिशांकडे. हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज, ओडी, तो घरातला आवाज होता, तुला माहीत असलेला. सगळ्या जिन्यानं तो ऐकला. मी म्हटलं, माळ जपतोय, ये ना वर, दार उघडंच आहे.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे एर्मिनियोकाका येऊन उभे राहिले. नॉर्बेर्तोला धीर आला. काका, बघा हे, म्हणाला, प्रार्थनेला आलेल्या माणसाचं असं स्वागत करतात का? काका जिन्याकडे बघत राहिले. एकेक पायरी बघितली त्यांनी, त्यात त्यांची स्वतःची सूनही बसली होती, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं. तिचाही हात खिशात. ती त्यांच्याकडे बघत होती आणि मान खाली घालत नव्हती. काकांच्या तोंडावरून काय काय गेलं ते मला लिहिता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, दार उघडं आहे नॉर्बेर्तो, मला तरी कसली अडचण दिसत नाही. आणि तो वळला. त्या जिन्यात पेटी घेऊन वळणंही सोपं नाही, दोनदा भिंतीवर आपटली. उतरताना प्रत्येकीनं परत गुडघे बाजूला घेतले.

इथे संपलं असं तुला वाटेल, पण तू बेलमिरामावशीला विसरलीस. मुकुटाच्या घरून कोणी रिकाम्या पोटी जायचं नाही म्हणून ती गोड पावाचा जाड तुकडा बशीत घालून त्याच्या मागे फुटपाथवर गेली. डाव्या हातात बशी, उजवा खिशात. त्यानं बशी घेतली, काय करावं ते कळेना म्हणून गाडीच्या टपावर ठेवली, आणि तशीच गाडी काढली. कोपऱ्यावर बशी पडून फुटली. मावशी अजून सगळ्यांना सांगते, माझ्या सहाच्या संचातली होती, आता पाचच राहिल्या. आत प्रार्थना सुरू झाली तेव्हा जिन्यावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरी, मग सगळा जिना हसायला लागला, आणि आतले पुरुष भक्तीनं 'नमो मरिये' म्हणतायत. अबिलियोचे दिवे त्या संध्याकाळी दोन्हीकडचे लागले. खोटं वाटेल तुला, पण लागले, आणि प्रार्थना संपल्यावर परत विझले.

त्यानं गाव सोडलं असं मी म्हणणार नाही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. परवाच पाववाल्याच्या दुकानाशी दिसला. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. आधी मी ओलांडायची. पुढचं ऐक, हे कामाचं आहे. मी सार्जंट पचेकोकडे परत जाऊन तुझ्याबद्दल विचारलं. तिनं सगळं तपासून सांगितलं की ती केस निकालात निघालेली आहे, तिच्यामुळे तुझा परवाना अडणार नाही. वर्ग करायचा, अर्ज करायचा, इथे राहायला आल्यावर. तिकडे कॅलिफोर्नियात भुंगा परवान्याशिवाय चालतो म्हणे, तर येताना तो पर्समध्ये घालून आणू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे. इथला परवाना मिळाल्यावर इथलाच घ्यायचा. आणि मनाई हुकूम अजून चालू आहे, तो वाढवायला आता आपण एकट्या जाणार नाही. कारखान्यातल्या म्हणतात, तारीख सांग, सुट्टी टाकतो. तिसरा मजला ईस्टरपासून रिकामा आहे. घर मावशीचं, तिनं दोन भाडेकरूंना हाकललं, एकाला त्याचा कुत्रा आवडला नाही म्हणून, दुसऱ्याला त्याची आई आवडली नाही म्हणून. कोणासाठी ठेवलाय ते ती बोलत नाही, पण खिडक्यांना पडदे मी शिवलेत.

मला तुझी फार आठवण येते, ओडी. आतापर्यंत हे फोनवर म्हटलं नाही, कारण तुला ओझं झालं असतं. तू तिकडे सुरक्षित आहेस, गाई तुला ओळखतात, तू पुन्हा गायला लागलीस असं तिकडचा आपला चुलतभाऊ सांगतो, आणि मला त्यानं बरं वाटतं. तिथेच राहावंसं वाटत असेल तर राहा, मनापासून सांगते. पण भीतीनं राहू नकोस.

आता हे पत्र का, ते. काल पवित्र त्रैक्याचा रविवार होता, पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या काढायचा. यंदाच्या मिरवणुकीत जिच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता त्या मुलीनं हात घातला, पहिली चिठ्ठी काढली, काकांनी उघडली आणि वाचलं, ओडीलिया. आईची शपथ, मी तुझं नाव टाकलं नव्हतं. मी मावशीकडे बघितलं, तिनंही नव्हतं टाकलं. मग काका माइकसमोर म्हणाले, ही चिठ्ठी मी लिहिली आहे. दोन वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी तिच्याबद्दल जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणून आता हेही सगळ्यांनी ऐका, मी चुकलो होतो. पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात मुकुट तिच्याकडे जावा, अशी माझी इच्छा आहे. मागून कोणीतरी ओरडलं, इल्डाला विचारा, मोठी बहीण आहे, ती हो म्हणेल. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हो माझ्या अगदी ओठांवर आला होता. आणि मग वाटलं, आजवर तुझ्या वतीनं सगळेच बोलले. नॉर्बेर्तो बोलला, वकील बोलले, गाव बोललं, आणि विमानात बसवताना मीही बोललेच. म्हणून मी उभी राहिले आणि म्हटलं, तिलाच विचारावं लागेल. काका म्हणाले, विचार, आम्ही थांबतो. तुझी चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली आहे, दुसऱ्या कोणाला तो आठवडा दिलेला नाही. आठवडाभर तुझं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागेल, आणि मनाई हुकूम असला तरी, सगळ्यांसाठी म्हणजे काय, हे आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे. मी तुझ्यासाठी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. ओडी, मी तुला विचारतेय. मुकुट घेशील?

तुझीच, उत्तराची वाट बघणारी,
इल्डा